कोरिया : इतिहास, संस्कृती व लोकजीवन

कोरिया हा पूर्व आशियातील एक द्वीपकल्प आहे. त्याच्या उत्तरेस चीन व रशिया, पश्चिमेस पीत समुद्र आणि आग्नेयेस कोरियाची सामुद्रधुनी असून तिच्यापलीकडे जपान आहे. पूर्वेकडील समुद्राला जगाच्या नकाशांत ‘जपानचा समुद्र’ म्हणतात. कोरियन लोक मात्र त्याला ‘पूर्व समुद्र’ म्हणतात आणि या नावावरून दोन्ही देशांत आजही वाद आहे. द्वीपकल्पाचे एकूण क्षेत्रफळ सुमारे 2,20,000 चौ.किमी. असून त्यातील बहुतांश भूभाग डोंगराळ आहे. चीनच्या सीमेवरील बेकदू (2,744 मी.) हा सर्वांत उंच पर्वत होय. 1945 पासून हा द्वीपकल्प विभागलेला असून 1948 पासून तेथे दक्षिण कोरिया (राजधानी सोल) आणि उत्तर कोरिया (राजधानी प्याँगयांग) अशी दोन राज्ये आहेत.

‘कोरिया’ हे नाव मध्ययुगीन गोर्यो राजवटीवरून पडले. स्वतः कोरियन लोक ते वापरत नाहीत. दक्षिणेतील लोक आपल्या देशाला ‘हानगुक’ म्हणतात, तर उत्तरेतील लोक ‘जोसोन’ म्हणतात. एकाच भाषेत देशाच्या नावालाही समाईक शब्द उरलेला नाही, ही फाळणीची एक ठळक खूण आहे.

प्राचीन काळ

तेराव्या शतकात इर्योन या बौद्ध भिक्षूने संकलित केलेल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात कोरियन लोकांच्या उत्पत्तीची कथा आहे. अस्वल आणि वाघ यांनी माणूस होण्याची इच्छा धरली. त्यांना गुहेत राहून केवळ लसूण व दवण्याच्या जातीची एक वनस्पती खाण्यास सांगण्यात आले. वाघाचा धीर सुटला. अस्वलाने तप पूर्ण केले व ती स्त्री झाली. तिचा पुत्र दांगुन याने इ.स.पू. 2333 मध्ये पहिले राज्य स्थापिले, असे परंपरा मानते. ही तारीख ऐतिहासिक नाही, तरीही 3 ऑक्टोबर हा दिवस दक्षिण कोरियात राष्ट्र स्थापना दिन म्हणून पाळला जातो.

इतिहासाला ज्ञात असलेले गोजोसोन हे राज्य इ.स.पू. 108 मध्ये चीनच्या हान साम्राज्याने जिंकले. त्यानंतरच्या काळात उत्तरेत गोगुर्यो, नैर्ऋत्येस बेकजे आणि आग्नेयेस सिल्ला अशी तीन राज्ये उदयास आली. बौद्ध धर्म गोगुर्योत 372 मध्ये आणि बेकजेत 384 मध्ये पोहोचला. चीनमधील तांग घराण्याच्या मदतीने सिल्लाने उरलेल्या दोन राज्यांचा पाडाव केला आणि 676 पर्यंत तांग सैन्यालाही द्वीपकल्पाबाहेर घालविले. सिल्लाची राजधानी ग्योंगजू येथील बुल्गुक्सा मंदिर व सोक्कुराम लेण्यातील बुद्धमूर्ती ही आठव्या शतकातील कामे आहेत. याच शतकात ह्येचो हा सिल्लाचा भिक्षू समुद्रमार्गे भारतात येऊन मध्य आशियामार्गे परतला. त्याच्या प्रवासवर्णनाचा अंश 1908 मध्ये चीनमधील दुन्ह्वांग लेण्यांत सापडला.

गोर्यो (918–1392)

वांग गॉन याने स्थापन केलेल्या गोर्यो राजवटीची राजधानी केसोंग येथे होती. फिकट हिरव्या झिलईची मातीची भांडी आणि मुद्रणकला यांसाठी हा कालखंड प्रसिद्ध आहे. मंगोल स्वाऱ्यांच्या धामधुमीत, बुद्धाची कृपा व्हावी म्हणून संपूर्ण त्रिपिटक लाकडी ठशांवर कोरण्यात आले. हेइन्सा मंदिरात आजही सुरक्षित असलेल्या या ठशांची संख्या 81,258 आहे. 1377 मध्ये चोंगजू येथील एका मंदिरात धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेला ‘जिकजी’ हा ग्रंथ, त्या पद्धतीने छापलेला जगातील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ मानला जातो. तो गुटेनबर्गच्या बायबलपेक्षा सुमारे पाऊणशे वर्षांनी जुना आहे. त्याचा उपलब्ध खंड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

जोसोन (1392–1910)

सेनापती यी सोंग-ग्ये याने गोर्यो सत्ता उलथून जोसोन राजवट स्थापन केली आणि राजधानी हानयांग (आजचे सोल) येथे नेली. पाच शतकांहून अधिक काळ टिकलेल्या या राजवटीने कन्फ्यूशियसच्या विचारावर आधारलेली समाजव्यवस्था घडविली. तीमधील पितृभक्ती, वडीलधाऱ्यांचा मान व विद्येची प्रतिष्ठा आजही कोरियन जीवनात दिसते. सरकारी पदांसाठी परीक्षा होत्या, परंतु त्यांचा लाभ प्रामुख्याने ‘यांगबान’ या उच्च वर्गालाच मिळे. समाजाच्या तळाशी पिढीजात गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने संपली ती 1894 च्या सुधारणांनी.

जोसोन राजांच्या कारभाराची तपशीलवार बखर दरबारी इतिहासकार लिहीत. राजाला ती वाचण्याची मुभा नव्हती. 1404 मध्ये राजा तेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठताक्षणी त्याने ‘हे इतिहासकाराला कळू देऊ नका’ अशी ताकीद दिली. बखरीत त्याच्या पडण्याबरोबर ही ताकीदही नोंदलेली आहे. पंचवीस राजांच्या 472 वर्षांच्या या नोंदी 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाल्या.

1592 ते 1598 या काळात जपानच्या तोयोतोमी हिदेयोशीने केलेल्या स्वाऱ्यांत देश उद्ध्वस्त झाला. जमिनीवर कोरियन सैन्य मागे हटत असताना नौसेनापती यी सुन-शिन याने समुद्रावर जपानची रसद तोडली. 1597 च्या म्योंगन्यांग येथील लढाईत त्याच्यापाशी अवघी 13 जहाजे होती आणि शत्रूची शंभरावर. सामुद्रधुनीतील भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा उपयोग करून त्याने ती लढाई जिंकली. पुढच्याच वर्षी अखेरच्या लढाईत तो कामी आला. 1636–37 मध्ये मांचूंनी जोसोनला मांडलिक केले; त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे राज्याने बाहेरच्या जगाशी फारच मर्यादित संबंध ठेवले.

हंगुल लिपी

जोसोन काळाची सर्वांत टिकाऊ देणगी म्हणजे हंगुल ही लिपी. त्यापूर्वी कोरियन लोक चिनी चित्रलिपीत लिहीत. चिनी व कोरियन या भाषांची घडण पूर्णतः वेगळी आहे: कोरियनमध्ये मराठीप्रमाणे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामाला प्रत्यय लागतात. परक्या लिपीत हे प्रत्यय लिहिणे जिकिरीचे होते, आणि हजारो चिन्हे शिकण्याइतकी सवड सामान्य शेतकऱ्याला नव्हती. सामान्य माणसाला मनातले लिहिता येत नाही, हे कारण देऊन राजा सेजोंग याने 1443 मध्ये 28 अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली व 1446 मध्ये ती जाहीर केली. त्यांपैकी 24 अक्षरे आज वापरात आहेत.

या लिपीची रचना मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. व्यंजनांचे वर्गीकरण उच्चारस्थानांनुसार केलेले आहे. हे वर्गीकरण चिनी ध्वनिशास्त्रातून आले आणि त्या शास्त्रावर बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेलेल्या भारतीय वर्णविचाराचा प्रभाव होता. सेजोंगने त्यापुढे एक पाऊल टाकले. मूळ व्यंजनाचा आकार त्या उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, दात किंवा घसा यांचा जो आकार होतो त्यावरून घेतला आणि महाप्राण व्यंजनासाठी त्याच अक्षराला एक रेघ वाढविली. देवनागरीत ‘क’ आणि ‘ख’ यांच्या आकारांत असा कोणताही संबंध नाही. स्वर तीन खुणांपासून घडविले: आकाशासाठी टिंब, भूमीसाठी आडवी रेघ व उभ्या माणसासाठी उभी रेघ. अक्षरे एकापुढे एक न मांडता प्रत्येक उच्चारावयवाचा एक चौकोनी ठसा बांधला जातो.

दरबारातील विद्वानांनी लिपीला विरोध केला. 1444 मध्ये छे मान-री याने राजाला सादर केलेल्या निवेदनात दोन मुद्दे विशेष आहेत. चिनी लिपी सोडून स्वतःची लिपी वापरणारे लोक रानटी समजले जातात, हा एक. आणि दुसरा असा की, एवढ्या थोड्या अक्षरांवर पद मिळू लागले तर ग्रंथाभ्यासाचे कष्ट कोण घेईल? दुसऱ्या मुद्द्यात विरोधाचे खरे मूळ आहे. 1504 मध्ये राजा योनसान-गुन याच्याविरुद्ध हंगुलमध्ये निनावी पत्रके निघाली, तेव्हा त्याने लिपीचा वापरच बंद केला. तरीही स्त्रिया, भिक्षू आणि सामान्य लोक यांनी पत्रे, कथा व पाककृती यांच्यासाठी ती जिवंत ठेवली. सरकारी कामकाजात तिला स्थान मिळाले ते 1894 मध्ये. 1896 मध्ये सुरू झालेले ‘तोंगनिप शिनमुन’ हे वृत्तपत्र केवळ हंगुलमध्ये, शब्दांत अंतर सोडून छापले जाई.

जपानी राजवट (1910–1945)

1876 च्या तहाने जपानने कोरियाची बंदरे उघडली. 1895 मध्ये जपानी मारेकऱ्यांनी राजवाड्यात शिरून राणी मिन हिचा खून केला, 1905 मध्ये देश जपानचे संरक्षित राज्य झाला आणि ऑगस्ट 1910 मध्ये तो खालसा करण्यात आला. 1 मार्च 1919 रोजी सोलच्या तापगोल उद्यानात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला व देशभर निःशस्त्र निदर्शने झाली. ती बळाने मोडून काढण्यात आली, परंतु शांघाय येथे हंगामी सरकार स्थापन झाले.

1930 नंतर दडपशाहीचे लक्ष्य भाषा व नावे झाली. शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली आणि 1940 पासून लोकांना जपानी पद्धतीची आडनावे घेण्यास भाग पाडण्यात आले. पूर्वजांच्या वंशावळी जपणाऱ्या समाजात हा घाव खोलवर गेला. 1942 मध्ये शब्दकोश तयार करणाऱ्या कोरियन भाषा मंडळाच्या सदस्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांपैकी यी युन-जे व हान जिंग यांचा तुरुंगात मृत्यू झाला. पुरावा म्हणून जप्त केलेले शब्दकोशाचे हस्तलिखित हरवले, असेच सर्वांना वाटत होते. ते सप्टेंबर 1945 मध्ये सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. त्यावरून सहा खंडांचा कोश 1947 ते 1957 या काळात प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात अनेक कोरियन पुरुषांना खाणी व कारखान्यांत सक्तीने राबविले गेले, तर असंख्य स्त्रियांना जपानी लष्कराच्या वेश्यागृहांत कोंडण्यात आले. किम हाक-सुन यांनी 14 ऑगस्ट 1991 रोजी जाहीर साक्ष देईपर्यंत या विषयावर समाजात जवळपास मौन होते.

फाळणी व युद्ध

ऑगस्ट 1945 मध्ये जपानची शरणागती स्वीकारण्यासाठी द्वीपकल्पाची दोन भागांत वाटणी करण्याचे ठरले. वॉशिंग्टनमध्ये रात्रीच्या बैठकीत डीन रस्क व चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकन सेनाधिकाऱ्यांनी एका मासिकाच्या नकाशावरून 38 वे अक्षवृत्त निवडले. त्यांना सुमारे अर्धा तास मिळाला होता. एकाही कोरियन व्यक्तीला विचारण्यात आले नाही. तात्पुरती मानलेली ही रेषा 1948 मध्ये दोन राज्यांची सीमा झाली.

25 जून 1950 रोजी उत्तरेने आक्रमण केले. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने अमेरिका व इतर देश दक्षिणेच्या, तर चीन उत्तरेच्या बाजूने उतरला. सोल शहर चार वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेले. मृतांची संख्या लाखोंत होती व त्यांत बहुसंख्य नागरिक होते. 27 जुलै 1953 रोजी पानमुनजोम येथे युद्धविराम झाला. दक्षिण कोरियाने त्यावर सही केली नाही आणि शांतता करार आजतागायत झालेला नाही. दोन देशांमधील सुमारे 4 किमी. रुंदीचा निर्लष्करी पट्टा मनुष्यवस्तीअभावी करकोच्यांसारख्या दुर्मिळ पक्ष्यांचे आश्रयस्थान झाला आहे.

युद्धातील ताटातूट ही कोरियातील असंख्य घरांची खाजगी कहाणी आहे. 30 जून 1983 रोजी दक्षिणेच्या सरकारी दूरचित्रवाणीने हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधासाठी एक कार्यक्रम सुरू केला. दीड-दोन तासांचा म्हणून योजलेला तो कार्यक्रम 138 दिवस चालला. लोकांनी केंद्राच्या भिंती व आवार नावांच्या फलकांनी भरून टाकले. जन्मखुणा, गावाचे नाव, लहानपणीचे टोपणनाव यांवरून भावंडे एकमेकांना ओळखत. एकूण 10,189 जणांना आपले माणूस भेटले. ही सर्व माणसे दक्षिणेतच, काही वेळा एकाच शहरात राहत होती. सीमेपलीकडच्या नातलगांची भेट याहून अवघड ठरली. 2000 पासून दोन्ही सरकारांनी अशा भेटी घडविल्या. ऑगस्ट 2018 नंतर एकही झालेली नाही. दक्षिणेत नाव नोंदविलेल्या 1,30,000 हून अधिक अर्जदारांपैकी बहुतेकांचा भेटीविनाच मृत्यू झाला आहे.

युद्धोत्तर काळ

उत्तरेत किम इल-सुंग व त्याच्या वंशजांची एकपक्षीय सत्ता प्रस्थापित झाली. 1990 च्या दशकाच्या मध्यात तेथे भीषण दुष्काळ पडला, सरकारी शिधावाटप कोलमडले आणि लोकांनी स्वतःच उभारलेले बाजार हेच उपजीविकेचे साधन झाले.

दक्षिणेचा विकासही सुरळीत नव्हता. पार्क चुंग-ही याच्या लष्करी राजवटीत (1961–1979) निर्यातप्रधान उद्योग झपाट्याने वाढले, पण त्याची किंमत कामगारांनी मोजली. 13 नोव्हेंबर 1970 रोजी जोन ते-इल या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने, कामगार कायदा पाळला जात नाही म्हणून, सोलच्या कापड बाजारात आत्मदहन केले. मे 1980 मध्ये ग्वांगजू शहरातील लोकशाहीवादी उठाव लष्कराने चिरडला. जून 1987 च्या देशव्यापी आंदोलनानंतर राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मान्य करण्यात आली. ग्वांगजूच्या घटनेवर कादंबरी लिहिणाऱ्या हान कांग यांना 2024 चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी 3 डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा संसदेने काही तासांतच तो रद्द करण्याचा ठराव केला.

घर

पारंपरिक कोरियन घराचे वैशिष्ट्य म्हणजे ‘ओन्दोल’, अर्थात जमिनीखालून ऊब देण्याची पद्धत. स्वयंपाकघरातील चुलीचा धूर व गरम हवा शेजारच्या खोलीच्या दगडी फरशीखालील पोकळ मार्गांतून नेऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर सोडतात. एकाच जळणात भात शिजतो व खोलीही तापते. जमीन उबदार असल्यामुळे बसणे, जेवणे, झोपणे हे सर्व जमिनीवरच होई आणि पादत्राणे बाहेर काढण्याचा नियम आजही कटाक्षाने पाळला जातो. चुलीजवळची सर्वांत उबदार जागा घरातील वृद्धांची वा पाहुण्यांची. उशिरा येणाऱ्या माणसाच्या भाताचा वाडगा तेथेच पांघरुणाखाली झाकून ठेवत. विसाव्या शतकात लाकडाऐवजी कोळशाच्या गोल विटा आल्या आणि फरशीच्या फटींतून येणाऱ्या विषारी वायूने दर हिवाळ्यात माणसे दगावू लागली. आजच्या उंच इमारतींत फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतात. तत्त्व मात्र तेच आहे.

आहार

जेवणात भात, रसदार पदार्थ व ‘बानछान’ म्हणून ओळखली जाणारी लहान-लहान तोंडीलावणी एकाच वेळी मांडतात. भात व रस्सा चमच्याने आणि बाकीचे धातूच्या काड्यांनी खातात. ‘भात खाल्ला का?’ हा प्रश्न ‘कसे आहात?’ या अर्थाने विचारला जातो. सोयाबीन आंबवून केलेली ‘द्वेनजांग’, मिरचीची ‘गोछुजांग’ आणि सोयाचा रस हे चवीचे आधार आहेत.

किमची म्हणजे मीठ लावून आंबविलेली भाजी, बहुधा चिनी कोबी किंवा मुळा. तिचा आजचा लाल रंग फार जुना नाही. मिरची कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस वा त्यानंतर पोहोचली. हिवाळ्याच्या तोंडावर नातेवाईक व शेजारणी एकत्र येऊन वर्षाची किमची घालतात. या प्रथेला ‘किमजांग’ म्हणतात. पूर्वी मातीचे रांजण अंगणात पुरून ठेवत. सदनिकांत अंगण उरले नाही, तेव्हा किमचीसाठी वेगळा शीतकपाट घरोघर आला. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत किमजांग दोनदा आहे: 2013 मध्ये दक्षिणेच्या नावाने आणि 2015 मध्ये उत्तरेच्या.

कुटुंब, वय व भाषा

2015 च्या जनगणनेनुसार दक्षिणेतील सुमारे 45 टक्के लोकांची आडनावे किम, यी किंवा पाक ही आहेत. आडनावाबरोबर मूळ गाव जोडून कुळ ओळखले जाते. कूळ एक असलेल्यांचा विवाह, आपल्याकडील सगोत्र विवाहाप्रमाणे, निषिद्ध होता. 1997 मध्ये घटना न्यायालयाने ही कायदेशीर बंदी घटनाबाह्य ठरविली.

बोलताना क्रियापदाचे रूप समोरच्याच्या वयावर व नात्यावर ठरते. म्हणून नव्या ओळखीत वय विचारणे उद्धटपणा समजला जात नाही. थोरल्यांना नावाने हाक मारत नाहीत. मोठ्या भावासाठी बहीण व भाऊ वेगवेगळे शब्द वापरतात. पारंपरिक गणनेत मूल जन्मतःच एक वर्षाचे धरत आणि नववर्षदिनी सर्वांचेच वय एकाने वाढे. 28 जून 2023 पासून कायदेशीर व्यवहारांत ही गणना बंद झाली असली, तरी बोलण्यात ती ऐकू येते.

चांद्र नववर्ष (सोल्लाल) आणि भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास येणारा छुसोक हे मुख्य सण आहेत. दोन्हींत पूर्वजांना अन्न अर्पण करतात व शहरांतून गावांकडे मोठी गर्दी लोटते. स्वयंपाकाचा भार सुनांवर पडत असल्याने या प्रथांवर अलीकडे उघड टीका होते. शिक्षणाची ओढ जोसोन काळातील परीक्षांची आठवण करून देते: नोव्हेंबरमधील विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजी श्रवणाची चाचणी चालू असताना देशभरातील विमानांचे उड्डाण व उतरणे थांबविले जाते. शिकवण्यांचा व घरांचा वाढता खर्च हे जननदर घसरण्याचे एक कारण मानले जाते. 2023 मध्ये दक्षिण कोरियाचा एकूण जननदर 0.72 इतका खाली आला.

भारताशी संबंध

‘सामगुक युसा’मध्ये ‘अयुता’ देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक समुद्रमार्गे येऊन राजा सुरोची राणी झाल्याची आख्यायिका आहे. किमहे येथील किम कुळ स्वतःला त्यांचे वंशज मानते. अयुता म्हणजे अयोध्या या समजुतीला ऐतिहासिक पुरावा नाही; तरी 2001 मध्ये अयोध्येत राणीचे स्मारक उभारण्यात आले.

आधुनिक काळातील संबंध अधिक ठोस आहे. कोरियन युद्धात भारताने सैन्य न पाठवता लष्करी वैद्यकीय पथक पाठविले. युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे 22,000 हून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि कैद्यांच्या ताब्याची जबाबदारी असलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात या मराठी सेनाधिकाऱ्याकडे होते. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिल्याने त्यांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. उत्तर, दक्षिण, चीन वा तैवान यांपैकी कोठेही जाण्यास तयार नसलेले 88 कैदी फेब्रुवारी 1954 मध्ये या दलाबरोबर भारतात आले. छे इन-हुन यांच्या ‘चौक’ (1960) या गाजलेल्या कोरियन कादंबरीचा नायक असाच एक कैदी आहे. दोन्ही कोरिया नाकारून तो भारताकडे निघालेल्या जहाजावर चढतो.